राख अडली, मग जाळी गेली: कोळशाच्या स्टोव्हचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हिवाळा लांब आणि कडक असणाऱ्या भागातलं हे घर. घराची सगळी ऊब बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, एका कोळशाच्या स्टोव्हवर चालते. कोळसा हातानं घालायचा, आतून अग्निविटा लावलेल्या, तळाला जाळी. ही जाळी म्हणजे सुमारे ४० सेंटिमीटर लांबीच्या पाच आडव्या पट्ट्या, प्रत्येकीला दोन्ही अंगांनी दाते. पाचही पट्ट्या एका सळईनं जोडलेल्या असतात. बाहेरचा दांडा मागेपुढे केला की त्या एकदम डोलतात आणि राख खालच्या राखपेटीत गळते. पेटीच्या दारावर हवा कमीजास्त करायची चकती आहे. इंधन अँथ्रासाइट, म्हणजे कठीण, चकचकीत, जवळजवळ धूर न करणारा दगडी कोळसा, दोन ते चार सेंटिमीटरचे खडे.

स्टोव्ह अनेक वर्षं घरातले मामा सांभाळत होते. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर वाकणं बंद झालं आणि काम भाच्याकडे आलं. मामांनी त्याला सगळं एका दमात सांगितलं: सकाळ-संध्याकाळ दांडा हलवायचा, कोळसा घालायचा, राख एक दिवसाआड काढायची. त्याच हंगामात कोळशाची नवी खेप आली. दिसायला तोच माल, पण पोत्याच्या तळाशी भुकटी जास्त आणि मधूनमधून न जळणारे पाटीसारखे दगड.

तक्रार

थंडी वाढायला लागली तशी विस्तवाची तब्येत बिघडली. सकाळी मधोमध तांबडं, चारही कोपरे काळे. दांडा जड लागायचा. हवेची चकती पूर्ण उघडली तरी आग उठत नव्हती, म्हणून भाचा राखपेटीचं दार अर्धवट उघडं ठेवू लागला. त्यानं आग लगेच भडकायची. इतकी, की एकदा धुराच्या नळीचा खालचा भाग अंधारात लालसर दिसला. मग दार बंद, आणि दोन तासांत पुन्हा तीच मरगळ.

एका रात्री कार्बन मोनॉक्साइडचा गजर वाजला. घरच्यांनी खिडक्या उघडल्या, गजर थांबला, सगळे परत झोपले. त्यानंतर काही दिवसांनी दांडा हलवताना कडकन आवाज आला आणि जळते निखारे ओंजळभर राखपेटीत पडले. "जाळी तुटली, नवी मागवू का?" हा प्रश्न घेऊन हे प्रकरण माझ्यापर्यंत आलं.

निर्णयाची पहिली जागा: आधी जाळी की आधी गजर?

जाळीचा प्रश्न मी बाजूला ठेवायला सांगितला. अँथ्रासाइटच्या थरात कार्बन मोनॉक्साइड तयार होतोच. खालून आलेल्या हवेनं कोळसा जळून झालेला कार्बन डायऑक्साइड वरच्या तापलेल्या कोळशातून जाताना पुन्हा मोनॉक्साइड बनतो. कोळशावर नाचणाऱ्या निळ्या ज्वाळा म्हणजे हा वायू जळत असल्याची खूण. ज्वाळा नसतील तर तो न जळता धुराड्यात जातो, आणि धुराड्याला ओढ, म्हणजे धूर वर खेचून घेण्याचा जोर, नसेल तर खोलीत येतो. त्याला रंग नाही, वास नाही. गजर वाजल्यावर खिडकी उघडून झोपणं हा या सगळ्या कथेतला सर्वांत धोक्याचा क्षण होता, तुटलेली जाळी नव्हे. सगळ्यांनी बाहेर पडायचं, जाणकारानं येऊन कारण शोधेपर्यंत आत जायचं नाही, एवढाच त्यावर मार्ग असतो.

म्हणून ठरलं: विस्तव विझू द्यायचा. पाणी ओतून नाही. तापलेल्या बिडावर पाणी पडलं की ते तडकतं, आणि वाफेनं गरम राख तोंडावर उडते. हवा बंद करून, धुराड्याची वाट मोकळी ठेवून, आपोआप थंड होऊ दिलं. तोवर घर दुसऱ्या साधनावर. एका कोपऱ्यात निखारे दुसऱ्या दिवशीही धुमसत होते. राखेखाली दडलेला अँथ्रासाइट असा चिवट असतो.

थंड झाल्यावर काय दिसलं

भाच्याला मी एकच गोष्ट आधी करून पाहायला सांगितली: काहीही न काढता, थंड जाळीचा दांडा हलव. दांडा हलला, पूर्ण नाही, पण गरम असताना लागायचा त्यापेक्षा खूपच सहज. या साध्या चाचणीवरून बरंच कळतं. थंडीतही तितकाच अडत असेल तर मध्ये काहीतरी रुतलंय. थंडीत सैल आणि तापल्यावर जड, तर पट्ट्यांना फुगायला जागा उरलेली नाही. इथे दोन्हीचं मिश्रण होतं.

मग एकेक थर काढला. वर अर्धवट जळलेला कोळसा, त्याखाली राखेत गुंतलेलं एक ताटाएवढं खंगर, म्हणजे राख वितळून गोठलेलं ढेकूळ, काचेसारखं चमकणारं, मधोमध पट्ट्यांच्या दात्यांत बसलेलं. कोपऱ्यांत नुसती घट्ट दाबलेली राख आणि भुकटी, तिच्यातून हवा जाणं शक्यच नव्हतं. दात्यांच्या फटीत पाटीचे दोन तुकडे आणि एक वाकडा खिळा. विस्तव पेटवायला जुन्या खोक्यांची लाकडं वापरली जात होती, त्यांतला. पाच पट्ट्यांपैकी एक मोडलेली, दोन मध्यभागी बोटभर खाली झुकलेल्या. आणि राखपेटीत राखेचा ढीग, ज्याचा शेंडा जाळीच्या खालच्या अंगाला टेकलेला.

हा ढीग पाहिला आणि प्रकरणाची दिशाच बदलली.

बीड साधारण ११५० ते १२०० अंश सेल्सियसला वितळतं, आणि जोरदार हवा मिळालेला अँथ्रासाइटचा थर त्याहून तापू शकतो. तरीही बिडाची जाळी वर्षानुवर्षं टिकते, कारण तिला दोन गोष्टी वाचवतात. खालून येणारी थंड हवा तिला सतत गार करते, आणि तिच्यावरचा राखेचा पातळ थर निखाऱ्यांना तिच्यापासून दूर ठेवतो. राखपेटी शिगोशीग भरली की हवा पट्ट्यांच्या मधल्या भागापर्यंत पोचतच नाही, वरून पेटीत पडलेले निखारे खालून भाजतात. मग बीड मऊ होऊन कोळशाच्या वजनानं झुकतं.

त्यात आणखी एक. ४० सेंटिमीटरची बिडाची पट्टी ५०० अंशांनी तापली की दोन मिलिमीटरहून थोडी जास्त लांब होते. थंड झाल्यावर ती परत आखडते, पण पूर्ण नाही: राखाडी बीड वारंवार अति तापलं की कायमचं वाढतं. त्याच्या आतली रचना बदलते आणि ग्राफाइटच्या रेषांमधून गंज आत शिरतो. चौकटीत आधी असलेली फट अशी हळूहळू संपली. तापल्यावर टोकं चौकटीला दाबायची, भाचा दांडा जोरात ओढायचा, आणि आधीच झुकलेली पट्टी त्यात मोडली.

एक दिवसाआड हा नियम कुठून आला?

मामांना विचारलं. भाचा शेजारी बसला होता.

"मामा, तुम्ही राख रोज का नाही काढायचा?"

"अरे, लागायचीच नाही. दोन दिवसांत पेटी भरायची कुठे?"

हिशोब मांडला. दिवसाला सुमारे २० किलो कोळसा. जुन्या मालात राख दहा टक्क्यांच्या आसपास असावी, म्हणजे दिवसाला दोन किलो, साधारण तीन लिटर. पेटी सात लिटरची. दोन दिवस सहज. नव्या मालाची राख तोलून पाहिली तर न जळलेल्या तुकड्यांसह ती दिवसाला साडेतीन किलोंकडे गेली, म्हणजे पाच लिटरच्या वर. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतच ढीग जाळीला लागत होता. मामांचा नियम चुकीचा नव्हता. तो एका विशिष्ट कोळशाचा नियम होता, आणि हे मामांनी स्वतःला कधी सांगायची वेळच आली नव्हती. त्यांचा हात आणि डोळा पेटीत डोकावून ठरवत होता, तोंड मात्र "एक दिवसाआड" असं सांगत होतं.

दांडा किती वेळ हलवायचा, यावरही तसंच. भाचा मोजून दहा झटके देत होता, कारण मामा साधारण तेवढेच देताना त्यानं पाहिलं होतं. मामा म्हणाले, "मोजायचं कशाला? खाली तांबडं दिसलं की थांबायचं." पेटीच्या दारातून दिसणारी लाली जाळीभर सारखी झाली की राख उतरली. त्यापुढे हलवलं तर निखारेच गळतात आणि जाळी उघडी पडते. तेही तिला घातकच.

दुसरा गुन्हेगार: नळी

राखेचा हिशोब बरोबर होता, पण त्यानं गजराचं उत्तर मिळत नव्हतं. स्टोव्ह आणि धुराडं जोडणारी नळी उतरवली. आडव्या भागात आणि कोपरात बारीक, पिठासारखी उडती राख तिसऱ्या हिश्शापर्यंत साचलेली. अँथ्रासाइट काजळी करत नाही म्हणून नळी झाडायची गरज नाही, असा घरात समज होता. काजळी होत नाही हे खरं, पण राख उडून जातेच आणि जिथे नळी वळते तिथे बसते.

आता घटनांची साखळी नीट लागली. नळी अडली, ओढ कमी झाली. ओढ कमी म्हणून विस्तव मंद. मंद म्हणून पेटीचं दार उघडं. दार उघडं म्हणून मधल्या भागात हवेचा लोंढा आणि तिथे राख वितळून खंगर. कोळशाच्या राखेचं मऊ पडण्याचं तापमान बहुधा ११०० अंशांच्या पुढे असतं, पण राखेत लोह जास्त असेल आणि भोवती प्राणवायू कमी असेल तर ती आणखी लवकर वितळते. इथे दार उघडं असताना तापमान चढत होतं आणि दार लावल्यावर प्राणवायू तुटत होता. शिवाय भाचा वरून सळईनं विस्तव ढवळायचा. लाकडाच्या आगीत ते चालतं. कोळशात वरून ढवळलं की तळाची राख थेट सर्वांत तापलेल्या भागात मिसळते आणि खंगराला आमंत्रण मिळतं.

कोणते पर्याय तोलले

पूर्ण नवी जाळी घालावी आणि मोकळं व्हावं, हा भाच्याचा पहिला विचार. पण नळी आणि राखेचा घोळ तसाच राहिला असता तर नवी जाळीही त्याच हंगामात झुकली असती.

मोडलेली पट्टी जोडून घ्यावी का? राखाडी बीड जोडता येतं, आधी सावकाश तापवून, निकेलच्या सळईनं, मग सावकाश गार करून. पण विस्तवाखालच्या भागात असा जोड फार टिकत नाही. साध्या पोलादाची पट्टी कापून बसवायची सूचनाही एका ओळखीच्या कारागिराकडून आली. ती पट्टी त्या उष्णतेत बिडापेक्षाही लवकर वाकते आणि पापुद्रे सोडते, म्हणून तो विषय तिथेच संपला.

कोळसा बदलणं सोपं होतं, पण अर्धी खेप घरात पडून होती. आणि फक्त कोळसा बदलला असता तर सगळं ठीक झाल्यासारखं दिसलं असतं, नळी मात्र तशीच भरलेली राहिली असती. या प्रकरणात सर्वांत मोहात पाडणारा आणि सर्वांत वाईट पर्याय मला हाच वाटतो.

हंगाम संपेपर्यंत त्यात लाकूड जाळावं, असंही कुणी सुचवलं. मोडक्या जाळीवर लाकूडही नको, एवढं म्हणून पुढे गेलो.

काय केलं

क्रम ठरवला: आधी धुराची वाट, मग दाराची गळती, मग जाळी, शेवटी रोजची पद्धत. नळी आणि धुराडं झाडलं. राखपेटीच्या दाराभोवतीची काचतंतूची दोरी चपटी झाली होती. दारात कागदाची पट्टी धरून दार लावलं तर ती सहज निसटत होती. दोरी बदलली, मग कागद घट्ट धरला जाऊ लागला. ही गळती राहिली असती तर चकती बंद करूनही जाळीखाली हवा शिरत राहिली असती.

स्टोव्हच्याच नमुन्याच्या तीन नव्या पट्ट्या मागवल्या. दोन जुन्या सरळ होत्या, त्या ठेवल्या. बसवताना नव्या पट्ट्यांच्या टोकांवरचे ओतकामाचे खरबरीत कंगोरे घासून काढले आणि चौकटीशी सुमारे तीन मिलिमीटरची फट राहील असं पाहिलं. जोडणाऱ्या सळईच्या खिळी झिजल्या होत्या, त्याही बदलल्या. झिजलेल्या खिळीमुळे दांडा हलतो पण जाळी अर्धीच डोलते, आणि बाहेरून ते कळत नाही.

नळीला छोटं भोक पाडून दाबमापकानं ओढ मोजायची सोय केली. अशा स्टोव्हला साधारण १० ते १५ पास्कल ओढ लागते. सफाईनंतर विस्तव स्थिरावल्यावर १३ आली. सफाईआधीचा आकडा कुणाकडेच नव्हता.

पद्धतीत बदल असे झाले. सकाळी आधी चकती उघडून विस्तवाला थोडा वेळ उठू द्यायचं. तो फारच मंद असेल तर लगेच हलवायचं नाही: वर कोळशाचा पातळ थर द्यायचा, तो धरू द्यायचा, मगच दांडा. मरगळलेला विस्तव आधी हलवला तर उरलेले निखारेही पेटीत जातात, आणि भाच्यानं दोनतीन सकाळी नेमकं हेच केलं होतं. दांडा लहान, तुटक झटक्यांनी हलवायचा, लांब ओढून नाही. लांब ओढीत पट्ट्या इतक्या वळतात की फटीत खडे अडकतात. दांडा अडला तर जोर लावायचा नाही. उलट बाजूला थोडा ढकलून पुन्हा यायचं, आणि तरीही अडला तर खालून पाहायचं.

कोपऱ्यांसाठी टोकाशी काटकोनात वाकवलेली सळई केली. ती राखपेटीच्या दारातून घालून पट्ट्यांच्या फटींतून वर टोचायची, म्हणजे राख खाली सुटते आणि विस्तव ढवळला जात नाही. वरून सळई घालणं पूर्ण बंद.

कोळसा घालताना एका बाजूला निखारे उघडे ठेवायचे. सगळा विस्तव झाकला तर साठलेला वायू एकदम पेट घेतो आणि दार उघडणाऱ्याच्या तोंडावर भपकारा येतो. निळ्या ज्वाळा दिसल्या की चकती पुन्हा कमी. उरलेल्या खेपेतली भुकटी चाळणीतून काढली आणि पाटीचे दगड दिसतील तसे वेचले. खिळेवाली लाकडं बाद.

राखपेटी आता दर वेळी हलवल्यावर रिकामी होते. पेटी काढली की मागे सांडलेली राखही खरवडायची, नाहीतर पेटी पूर्ण आत बसत नाही आणि दार नीट लागत नाही. राख झाकणाच्या धातूच्या पिंपात, घराबाहेर, दगडी फरशीवर, लाकडापासून दूर, कित्येक दिवस. घरात किंवा पडवीतही नाही, कारण राखेतले निखारे आगीइतकाच मोनॉक्साइडचाही धोका असतात. उपसताना तोंडाला मास्क, कारण ही धूळ फार बारीक असते. घरातला व्हॅक्यूम क्लीनर तिच्यासाठी वापरायचा नाही.

काय झालं

पहिल्याच आठवड्यात कोपरे तांबडे दिसू लागले. हंगामभरात गजर पुन्हा वाजला नाही. कोळसा तोच असूनही तोललेली राख कमी भरली. न जळलेले तुकडे आता राखेत कमी जात होते, एवढाच त्याचा अर्थ.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. सोसाट्याच्या वाऱ्याच्या रात्रींनंतर छोटी खंगरं पुन्हा दिसायची. अशा एका रात्री ओढ २५ पास्कलच्या वर गेलेली भाच्यानं पाहिली. नंतर नळीवर वजनानं आपोआप उघडणारी झडप बसवली. ओढ वाढली की ती खोलीतली हवा नळीत घेते आणि विस्तवावरचा ताण उतरतो. अँथ्रासाइटला ती चालते. लाकूड किंवा धुरकट कोळसा जाळणाऱ्यांनी मात्र ती बसवू नये, कारण थंड हवेनं नळीत डांबर साचतं आणि ते पेटलं तर हीच झडप त्या आगीला हवा पुरवते.

ठेवलेल्या दोन जुन्या पट्ट्यांपैकी एक हंगाम संपायच्या आत अडू लागली. तीही त्याच उष्णतेतून गेली होती, सरळ दिसत होती इतकंच.

काय वेगळं करता आलं असतं

सगळी जोडणी उघडी होती तेव्हाच पाचही पट्ट्या बदलायला हव्या होत्या. जुन्या पट्टीची लांबी मोजून नवीशी ताडून पाहिली असती तरी वाढ कळली असती. काम काही मिनिटांचं होतं.

नळी उतरवण्याआधी ओढ मोजली असती तर सफाईनं किती फरक पडला ते आकड्यात सांगता आलं असतं. आता ते फक्त विस्तवाच्या रंगावरून सांगावं लागतं.

कोळशाची खेप बदलली की पहिल्या दोन दिवसांची राख तोलणं, हे घरात आता ठरलं आहे. मामांच्या हातून काम भाच्याकडे आलं तेव्हाच एकदा दोघांनी मिळून स्टोव्ह चालवला असता, मामांनी खुर्चीवर बसून का होईना, तर 'खाली तांबडं दिसेपर्यंत' हे वाक्य हंगामाच्या सुरुवातीलाच निघालं असतं.

हंगाम संपल्यावर नळी उतरवून ठेवायची गोष्ट राहून जात होती. उडत्या राखेत गंधकाचे क्षार असतात. उन्हाळा-पावसाळ्यात ती दमट हवा शोषते आणि आम्ल बनून पत्रा खाते. या घरातल्या नळीची खालची शिवण बोटानं दाबली तर आत जात होती. तेवढा तुकडा बदलला, आणि आता स्टोव्ह बंद झाला की त्याच आठवड्यात नळी उतरवून, झाडून, कोरड्या खोलीत ठेवतात.